एआय फुकट मिळालं, आता अभ्यासाच्या ग्रुपचं काय होणार?

तुमच्या फोनमध्ये अभ्यासाचे म्हणून किती ग्रुप आहेत, एकदा मोजून बघा. व्हॉट्सॲपवरचे वर्गाचे, क्लासचे, 'फ्री नोट्स'वाले, टेलिग्रामवरचे पीडीएफचे, सगळे धरा. आता त्यातले असे किती, जिथे गेल्या महिन्यात तुम्ही एक तरी शंका विचारली आणि दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने तिचं उत्तर दिलं? पहिला आकडा दहा-पंधरा निघेल. दुसरा बहुतेकांचा शून्य.

मी येरवड्यात राहतो. (हो, जेलच्या बाहेर. हा जोक ऐकून ऐकून आता आम्हीच आधी सांगून टाकतो.) संध्याकाळी गुंजन चौकात उभे राहिलात तर एका बाजूने आयटी पार्क सुटल्याची गर्दी दिसेल. दुसऱ्या बाजूला गल्ल्यांमधली एका खोलीची घरं, आणि घरात वही उघडायला जागा नाही म्हणून अभ्यासिकेत जाऊन बसणारी पोरं-पोरी. महागडा क्लास यातल्या बहुतेकांना परवडत नाही. पण फोन आहे आणि डेटा आहे. त्यांच्यासाठी ऑनलाइन मिळून अभ्यास करणं ही हौस नाही, तोच त्यांचा क्लास आहे. म्हणून हे ग्रुप चालतात की नुसते पडून असतात, याची चौकशी करायला हवी असं मला वाटलं. त्यात २०२५ मध्ये एक मोठा बदल झालाय, त्याकडे नंतर येतो.

ग्रुप म्हणायला, पण आहे नोटीस बोर्ड

आधी थोडी तांत्रिक गोष्ट. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये २ लाख, आणि टेलिग्राम चॅनलला तर मर्यादाच नाही. ग्रुप वाढला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गुड मॉर्निंग, कुणाच्या तरी कोर्सची जाहिरात, मग भांडण. ॲडमिन वैतागतो आणि 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील' हे बटण दाबतो. व्हॉट्सॲपने ही सोय २०१८ मध्ये दिली. ती दाबली की शांतता होते, पण त्याच क्षणी ग्रुपचा नोटीस बोर्ड होतो. नाव मात्र 'स्टडी ग्रुप' तेच राहतं.

नोटीस बोर्ड वाईट नाही. लॉकडाऊनमध्ये २०२० साली महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही मोहीम याच वाटेने चालली. रोजच्या अभ्यासाच्या लिंका एससीईआरटीकडून निघायच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून पालकांच्या फोनवर पोचायच्या. त्याच वर्षी 'स्वाध्याय' आला. दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न येणार, मुलाने उत्तर द्यायचं, मशीन तपासणार. त्या दिवसांत हे पोचवणं हेच मोठं काम होतं. पण त्या सगळ्या रचनेत एक तार नव्हती, मुलापासून मुलापर्यंतची. वरून खाली सगळं येत होतं, शेजारी काही जात नव्हतं. लॉकडाऊन संपला आणि आपल्या ग्रुपांनी नेमकी तीच सवय उचलली.

फोन हातात आहे म्हणजे अभ्यास होतो असंही नाही. 'असर २०२४'चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे, शहराचा नाही, तरी त्यातला एक आकडा इथे उपयोगी आहे. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून थोड्या जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामाला वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे मुलं ऑनलाइन एकमेकांशी बोलतायत, भरपूर बोलतायत. फक्त अभ्यासाबद्दल बोलत नाहीत.

२०२५ मध्ये काय झालं

जुलैमध्ये गुगलने भारतातल्या १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना जेमिनीचा पैसे देऊन घ्यायचा प्लॅन वर्षभर फुकट दिला. ऑक्टोबरच्या शेवटी जिओने १८ ते २५ वयाच्या ५जी ग्राहकांपासून सुरुवात करून तोच प्लॅन १८ महिन्यांसाठी वाटायला काढला. ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट. चार-पाच महिन्यांत, जो विद्यार्थी नोट्सच्या झेरॉक्सला दहा रुपये देताना विचार करतो, त्याच्या खिशात रात्री दोन वाजताही न वैतागणारा मास्तर आला.

मी याच्या विरोधात नाही. 'एवढं साधं कळत नाही का?' असं ऐकायला लागेल म्हणून वर्गात हात वर न करणाऱ्या मुलासाठी हे वरदान आहे. मराठीत विचारलं तर मराठीत समजावतं, तेही पुन्हा पुन्हा. पण मग ग्रुपवर शंका विचारायला कोण येणार?

याचं उत्तर आपल्या आधी प्रोग्रामर लोकांना मिळालंय. स्टॅक ओव्हरफ्लो ही जगभरच्या प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची जागा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं. २०२४ मध्ये 'पीएनएएस नेक्सस' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने हिशेब केला, की त्यानंतरच्या सहा महिन्यांत तिथली वर्दळ २५ टक्क्यांनी घटली. तुलना कशाशी केली हे महत्त्वाचं. चॅटजीपीटी सहज मिळत नव्हतं अशा रशियन आणि चिनी भाषेतल्या तशाच साइट, आणि चॅटजीपीटी तेव्हा ज्यात कच्चं होतं त्या गणिताच्या साइट, यांच्याशी. 'फालतू प्रश्न कमी झाले असतील' असंही म्हणता येत नाही, कारण नवख्यांचं आणि मुरलेल्यांचं, दोघांचंही लिहिणं घटलं आणि प्रश्नांचा दर्जा काही वाढला नाही.

इथवर अंदाज सगळ्यांनाच होता. मला थांबवलं ते दुसऱ्या एका संशोधनाने, तेही २०२४ चंच, 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधलं. त्यांनी स्टॅक ओव्हरफ्लोबरोबर रेडिटवरचे प्रोग्रामिंगचे कट्टेही तपासले. विषय तोच, माणसं साधारण तशीच, एआयही तेच. पण रेडिटवर तशी घसरण दिसली नाही.

का? स्टॅक ओव्हरफ्लोचा कारभार कडक. प्रश्न आधी कुणी विचारला असेल तर बंद. इकडच्या तिकडच्या गप्पा नाहीत, 'थँक्यू' लिहिलं तरी पुसतात. तिथे माणूस फक्त उत्तरासाठी जायचा. उत्तर दुसरीकडे पटकन मिळायला लागलं, तो गेला. रेडिटवर लोक रडगाणंही गातात, नोकरी मिळाली की सांगतात, एकमेकांना चिडवतात. त्या संशोधकांचा निष्कर्ष असा, की माणसांमधलं हे विणकाम घट्ट असलं तर ते धक्का झेलतं.

आता आपले ग्रुप बघा. आपण त्यातलं विणकाम शिस्तीच्या नावाखाली आधीच काढून टाकलंय. राहिल्या फक्त पीडीएफ. आणि पीडीएफचा सारांश तर एआय तीस सेकंदांत काढून देतं.

आणखी एक गोष्ट मराठीवाल्यांनी लक्षात घ्यायला हवी. ही एआय मॉडेलं शिकली कशावर? माणसांनी उघड्यावर लिहिलेल्या मजकुरावर. इंग्रजीत कोडिंगचा कुठलाही प्रश्न घ्या, त्यावर वीस वर्षांत माणसांनी घातलेले वाद नेटवर पडलेत. मराठीत बारावीच्या भौतिकशास्त्राच्या शंका, त्यावरची चुकीची उत्तरं, ती कुणी कशी सुधारली, असं किती उघड्यावर आहे? जवळपास काही नाही. जे होतं ते बंद ग्रुपांत गेलं, आणि आता प्रत्येकाच्या खाजगी चॅटमध्ये जातंय. तुम्हाला पडलेली शंका तुमच्या मागच्या हजार जणांना पडणार आहे, पण त्यांना ती कधीच दिसणार नाही.

पुण्यात हे एकदा करून झालंय

ऑनलाइन शिकणाऱ्यांची मंडळी कशी बनते आणि कशी फसते, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने 'इंडिया एज्युकेशन प्रोग्राम' पुण्यात सुरू केला. सीओईपी, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एसएनडीटी विद्यापीठाचं पुण्यातलं कॉलेज. कल्पना झकास होती. जर्नल लिहून कपाटात टाकण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे. जग वाचेल, चुका काढेल, पोरं शिकतील.

काही महिन्यांतच विकिपीडियाचे जुने संपादक हैराण झाले. शेकडो विद्यार्थी एकदम आत आले आणि पुस्तकांतले, वेबसाइटवरचे परिच्छेद जसेच्या तसे चिकटवायला लागले. पुसलं की पुन्हा चिकटवायचे. ते साफ करायला जगभरचे स्वयंसेवक लागले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये हा प्रयोग थांबवावा लागला. नंतर फाउंडेशनने टोरी रीड यांच्याकडून बाहेरून तपासणी करून घेतली आणि ती जाहीरही केली. हे जाहीर करणं मला फार आवडलं. आपल्याकडे फसलेल्या योजनेचा अहवाल वाचायला मिळतो कुठे?

पोरं लबाड होती, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. पहिलीपासून आपण गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवतो आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळतात. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' हे वाक्य प्रश्नपत्रिकेत असतं, पण त्याचा अर्थ कुणी शिकवत नाही. त्यात लिहायचं परक्या भाषेत, डोक्यावर इंटर्नल मार्कांची टांगती तलवार. मदतीला नेमलेले ॲम्बेसेडर बरेचसे स्वतःच विकिपीडियावर नवखे. आणि ज्यांच्या घरात ही शेकडो मुलं शिरणार, त्या जुन्या संपादकांशी आधी नीट बोलणंच झालं नव्हतं. नवख्याच्या शेजारी मुरलेला माणूस नाही, एवढं साधं कारण होतं.

याचा पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. २०१२ मध्ये फाउंडेशनने कैरोत हाच प्रयोग केला, पुण्याचा धडा समोर ठेवून. मोजकेच वर्ग, लेख अरबीत म्हणजे मुलांच्या स्वतःच्या भाषेत, आणि मदतीला विकिपीडियाची सवय असलेली माणसं. तो जमला आणि पुढेही चालला. ॲप तेच, वेबसाइट तीच. बदलली ती माणसांची संख्या, भाषा आणि शेजारी कोण बसलंय ते.

उत्तर वाचणार कोण?

येरवड्यातल्या एका अभ्यासिकेत आठ जणांचा एक ग्रुप आहे. तीन मुली, पाच मुलगे, सगळे राज्यसेवेची तयारी करणारे. तुम्ही एमपीएससीच्या वाटेला गेला नसाल तर एवढं समजून घ्या, की मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, १,७५० गुण, मुलाखतीचे २७५ वेगळे. आधी पर्याय निवडायचे असायचे. हा बदल लगेच नको म्हणून विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले, फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने तो २०२५ पर्यंत पुढे ढकलला. आता तो लागू झालाय.

पर्यायी प्रश्नांच्या काळात पीडीएफचं चॅनल पुरायचं. पाठ करा, गोळा भरा. आता पानभर उत्तर लिहायचं, तर ते वाचायला कुणीतरी लागतं. मेन्सच्या टेस्ट सिरीजची फी ऐकूनच अर्धे जण गार होतात. या आठ जणांनी म्हणून स्वतःच सुरू केलं. रविवारी रात्री एक प्रश्न. बुधवारपर्यंत हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो ग्रुपवर. प्रत्येक उत्तर दोघांनी वाचायचं, कुणी कुणाचं वाचायचं हे आधीच ठरलेलं, म्हणजे 'दुसरा कुणीतरी वाचेल' हा प्रकार नाही. अभिप्राय व्हॉइस नोटवर, कारण मराठी टाइप करायला वेळ जातो आणि टाइप केलेली टीका उगाच जास्त लागते. अंगठ्याचा इमोजी चालत नाही. एक तरी कमी जागा दाखवायचीच.

एआयवर बंदी नाही. पण त्याचा नंबर शेवटी. माणसांनी वाचून झालं की मग सनावळ्या, कलमं, योजनांची नावं तपासायला. ती मुलं मला म्हणाली, एआयला उत्तर दाखवलं की आधी 'खूप छान उत्तर!' म्हणतं, कसंही लिहिलेलं असू दे. याउलट शहरांच्या पाणीप्रश्नावरच्या एका उत्तराला ग्रुपमधल्या एकाने दिलेली व्हॉइस नोट त्यांनी मला ऐकवली: "ताई, सगळी उदाहरणं दिल्लीची आणि चेन्नईची दिलीस. तुझ्याच गल्लीत टँकर येतो की. तो कुठं गेला?" ताईने उत्तर पुन्हा लिहिलं. टँकर कधी येतो, किती घरांत पुरतो, नळाला पाणी कधी असतं, हे सगळं तिला पाठ होतं, फक्त ते उत्तरात लिहायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. एआय हे सांगू शकणार नाही, कारण तिने विचारताना गल्लीचं नावच सांगितलेलं नाही.

मधे त्यांच्यातला एक जण दोन आठवडे गप्प होता. वडील आजारी. गुरुवारी दोघे त्याच्या घरी गेले, उत्तर का आलं नाही ते विचारायला. हजाराच्या ग्रुपमध्ये तो गप्प आहे हे कळलंही नसतं.

सेटिंगकडेही बघा

या आठांतली एक मुलगी आधी एका हजार जणांच्या ग्रुपमध्ये होती. तिथे तिने एकदा शंका विचारली. उत्तर एकही आलं नाही, पण त्या रात्री अनोळखी नंबरांवरून तीन 'हाय' आले. ती ग्रुपमधून निघाली आणि पुढचं वर्षभर कुठेच काही विचारलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे मुलींच्या बाबतीत किती महाग पडतं याचा विचार ग्रुप काढणारे करतच नाहीत. मग म्हणतात, 'मुली ॲक्टिव्ह नसतात.'

म्हणून ग्रुप काढणार असाल तर हे करा. माणसं ओळखीची आणि मोजकी असतील तर व्हॉट्सॲप ठीक. अनोळखी लोक येणार असतील तर टेलिग्राम बरं, कारण तिथे प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर 'कुणालाच नाही' असा ठेवता येतो आणि नुसत्या युजरनेमवर काम भागतं. व्हॉट्सॲपच्या 'कम्युनिटी'मध्ये (२०२२ पासून आहे) घोषणांच्या भागात इतर सदस्यांना नंबर दिसत नाही, पण आतल्या छोट्या ग्रुपमध्ये दिसतो, हा फरक लोकांना माहीत नसतो. सूचना एकीकडे आणि बोलणं दुसरीकडे, एवढ्यासाठी कम्युनिटी मात्र चांगली आहे. नोटीस बोर्ड वेगळा काढला की बोलायच्या ग्रुपला कुलूप लावायची गरजच पडत नाही. आणि 'मला ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं' हे सेटिंग आजच 'माझे संपर्क'वर न्या.

टेलिग्रामची दुसरी बाजूही आहे. मोठ्या चॅनलवर परीक्षेच्या आधी 'पेपर मिळेल'वाले हमखास उगवतात. नीट २०२५ च्या वेळी एनटीएने अशी १०६ टेलिग्राम आणि १६ इन्स्टाग्राम चॅनल शोधून काढली होती. त्याआधी जून २०२४ मध्ये यूजीसी-नेट परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द झाली, ९ लाखांहून जास्त जणांनी दिलेली. टेलिग्रामवर फिरलेला ज्या पेपरचा स्क्रीनशॉट कारण ठरला, तो सीबीआयच्या तपासात फेरफार केलेला निघाला. आठ जणांच्या ग्रुपमध्ये असा स्क्रीनशॉट आला तर पहिला प्रश्न येतो, 'कुठून आणलास?' दोन लाखांच्या ग्रुपमध्ये तो फक्त पुढे जातो.

१८ च्या आतल्या मुलांसाठी क्लास किंवा ॲपवाले ग्रुप चालवत असतील तर आणखी एक. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. शाळा-कॉलेजांना काही सवलती आहेत, मुख्य अटी टप्प्याटप्प्याने लागू होतील. तुम्ही मित्रमैत्रिणींनी काढलेल्या घरगुती ग्रुपला हा कायदा लागत नाही, पण फॉर्ममध्ये आधार नंबर मागणाऱ्या 'फ्री स्टडी ग्रुप'ला तुम्ही विचारू शकता, की हा कशाला हवा?

अभ्यासिकेतल्या त्या ग्रुपची बातमी बाहेर फुटलीच. आता जवळपास चाळीस जणांना आत यायचंय. एकाने सुचवलं, सगळ्यांना घेऊन टाकू, व्हॉट्सॲपला काय, हजार मावतात. त्यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: आठांतल्या दोघांनी बाहेर पडून सहा नवीन जणांबरोबर दुसरा ग्रुप काढायचा. तो दोन महिने चालला तर तिसरा. बाकीच्यांनी थांबायचं, किंवा हेच नियम घेऊन स्वतःचा सुरू करायचा. दुसऱ्या ग्रुपचा पहिला प्रश्न मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पावर आहे, आणि लिहिण्याआधी बंडगार्डनपर्यंत चालत जाऊन नदी बघून यायची अट आहे.